आधी विचारायचं, मग तोंड उघडायला सांगायचं

शाळेत फ्लोरोसिसची, म्हणजे पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं दातांवर पडणाऱ्या डागांची, तपासणी करायला गेलेल्या पथकाची पहिली चूक बहुतेकदा क्रमाची असते. व्हरांड्यात रांग लावतात, एकेकाला आ करायला सांगतात आणि रांग संपली की उरल्या वेळात प्रश्नावली भरून घेतात. पण मुलाच्या तोंडात आरसा धरून शेजारी लिहायला बसलेल्याला ‘मध्यम’, ‘तीव्र’ असं सांगितलं, की त्या मुलाला कळतं हे लोक काय शोधताहेत. पुढची उत्तरं ते आमच्या चेहऱ्याकडे बघत देतं. म्हणून आम्ही आधी मुलाशी बोलतो, मग दात बघतो, आणि पाण्याची बाटली सगळ्यात शेवटी, घरी जाऊन भरतो. आम्हाला डागांची मोजदाद एवढीच नको असते. त्या डागांपायी मुलानं काय करायचं सोडलं, ते जाणून घ्यायचं असतं.

यवतमाळ जिल्ह्यातला पांढरकवडा आणि झरी-जामणीचा भाग, चंद्रपुरातला वरोऱ्याकडचा भाग, इथल्या भूजलात फ्लोराइड असल्याचं अनेक वर्षांपासून माहीत आहे. खडकातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात थांबलेलं, तितकं ते वाढत जातं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडचा बराचसा भाग कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतो. सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, कॅल्शियम कमी, असं पाणी असेल तर ते विरघळलेलंच राहतं. यातली अडचण गावात गेल्यावर लक्षात येते. असं पाणी मऊ असतं, चवीला बरं लागतं, त्यात तुरीची डाळ लवकर शिजते. त्यामुळे बाया उथळ विहीर सोडून अनेकदा नेमक्या त्याच हापशीवर गुंड घेऊन जातात. चवीवरून, रंगावरून, वासावरून फ्लोराइड कळत नाही.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मुख्याध्यापकांशी आधी बोलणं, शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना, पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार. संमतीपत्रं शाळेतून घरी पाठवून भागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप सकाळी वावरात जातात ते अंधार पडल्यावर येतात. सही घ्यायला संध्याकाळीच जावं लागतं. त्याच दिवसांत मोठी मुलंही वेचणीला गेलेली असतात. एकाच फेरीत काम उरकलं तर सगळ्यात गरीब घरांतली मुलं यादीतून गळतात, आणि बोअरच्या पाण्यावाचून दुसरा मार्ग नसलेली घरं बहुधा तीच. म्हणून दुसरी फेरी ठरलेलीच ठेवायची.

आता बोलण्याचं काम. वेळ यालाच द्यावा.

मुलांच्या तोंडाच्या आरोग्याचा आणि त्यांच्या जगण्याचा संबंध मोजायला दोन साधनं जास्त वापरली जातात. एक, टोरोंटोला तयार झालेली, ११ ते १४ वर्षांसाठीची प्रश्नावली. तिच्यात ३७ प्रश्न असून चार भाग आहेत : तोंडातला त्रास, खाणं-बोलणं यांतल्या अडचणी, मनाला काय वाटतं, आणि चारचौघांतलं वागणं. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण आणि काळ गेल्या तीन महिन्यांचा. हिचीच १६ प्रश्नांची छोटी आवृत्ती शाळेत जास्त उपयोगी पडते. ८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २५ प्रश्नांची वेगळी आहे, तिच्यात काळ फक्त चार आठवड्यांचा, कारण त्या वयाला तीन महिने धरून ठेवता येत नाहीत.

दुसरं साधन रोजच्या आठ गोष्टींबद्दल विचारतं : खाणं, बोलणं, दात घासणं, झोप, मनःस्थिती, दात दाखवून हसणं, अभ्यास, आणि लोकांत मिसळणं. प्रत्येक गोष्टीत अडचण किती मोठी (० ते ३) आणि किती वेळा (० ते ३), यांचा गुणाकार. जास्तीत जास्त ८ गुणिले ९, म्हणजे ७२. समजा एखाद्या मुलीची हसण्याची अडचण ३ गुणिले २, मनःस्थितीची २ गुणिले २, बाकी शून्य. एकूण १०, आणि ७२ पैकी शेकड्यात मांडलं तर १३.९. हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण त्याचा अर्थ ती मुलगी दात दाखवून हसतच नाही असा आहे. म्हणून सरासरीसोबत कोणत्या गोष्टीत गुण आले हे वेगळं छापावं. या साधनात आणखी एक सोय आहे. अडचण नेमकी कशामुळे, दाताचा रंग, किडलेला दात, हिरडी की वाकडे दात, हे मुलालाच विचारता येतं. फ्लोरोसिसच्या कामात ते फार मोलाचं आहे, नाहीतर दाढ दुखून जेवता न आलेल्या मुलाचा त्रासही फ्लोराइडच्या नावावर जमा होतो.

भाषांतरात काय बिघडतं ते सांगायला हवं. प्रश्नावली मराठीत करायची, दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून ताडून बघायची, आणि दहा-वीस मुलांवर वापरून बघायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याकडे ‘तोंड’ म्हणजे चेहराही असतो. ‘तोंडामुळे कोणी चिडवलं का?’ विचारलं तर मूल काळा रंग, मुरूम, नाक, सगळ्याचं सांगतं. म्हणून प्रत्येक प्रश्नाला विचारणाऱ्यानं स्वतःच्या दातांवर बोट ठेवून विचारायचं. ‘लाज’ हा शब्दही तसाच. मोठ्या मुलींना तो आपल्या वळणाचा प्रश्न वाटतो आणि त्या पटकन ‘हो’ म्हणतात. मूळ प्रश्न बदलायचा नाही, पण त्याला जोडून ‘दात दिसू नये म्हणून काही करते का?’ असं विचारायचं आणि उत्तर वेगळ्या रकान्यात लिहायचं. तीन महिन्यांचा काळही तारखेनं सांगून उपयोग नसतो. नोव्हेंबरच्या शेवटी गेलो तर ‘तान्ह्या पोळ्यापासून आजपर्यंत’ म्हटलं की मुलाला नेमकं कळतं.

‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंतच्या पाच पायऱ्या शब्दांत सांगितल्या की लहान मुलं मधलीच निवडतात. कागदावर पाच वाट्या काढायच्या, रिकामीपासून काठोकाठ भरलेलीपर्यंत, आणि बोट ठेवायला सांगायचं. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलांशी बोलताना कोलामी येणारं माणूस हवं. ते माणूस त्याच शाळेतला मोठा विद्यार्थी नको, नाहीतर चिडवणाऱ्यासमोरच चिडवल्याचं सांगायची वेळ येते. गुरुजी आणि बाई यांनी ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबावं. शाळेच्या मागच्या निंबाखाली दोन सतरंज्या पुरतात. छोट्या प्रश्नावलीला एका मुलाला आठ-दहा मिनिटं लागतात. एका माणसानं सकाळभरात वीस-बावीसपेक्षा जास्त मुलं घेतली असतील तर त्याचे कागद पुन्हा तपासावेत.

मुलं काय सांगतात? हसताना तळहात किंवा ओढणी आडवी धरणं, फोटोत ओठ मिटून उभं राहणं, उत्तर येत असूनही हात वर न करणं, मोठ्यानं धडा वाचायला नको म्हणणं. आणि सगळ्यांत जास्त बोचतो तो घरच्यांचा आणि शिक्षकांचा एकच प्रश्न : ‘दात घासत नाहीस का रे?’ हे मूल इतरांपेक्षा जास्तच घासत असतं. राख, मीठ, कोळसा, विटकरीचा चुरा, लिंबू, काहीही. फ्लोरोसिसचा डाग दाताच्या वर चढलेला नसतो, तो मुलाम्यातच (इनॅमलमध्ये) असतो. घासून जात नाही, उलट आधीच भुसभुशीत मुलामा झिजतो आणि मग थंड पाणी, चिंच, कवठ झोंबायला लागतं. खाण्याचा त्रास मुख्यतः खड्डे पडलेल्या, टवके उडालेल्या तीव्र प्रकारात येतो. सौम्य पांढऱ्या रेघा असलेली पुष्कळ मुलं निर्धास्त असतात, आणि त्यांना आपण जाऊन ‘तुला रोग आहे’ असं सांगू नये. गावातल्या शाळेत सगळ्यांचेच दात तसे असले तर मूलही फारसं मनावर घेत नाही. ते तालुक्याच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत गेलं, वेगवेगळ्या गावांची मुलं एकत्र आली, की तुलना सुरू होते. म्हणून सातवीपर्यंतच्या शाळेत गुण कमी आले तरी त्या गावात त्रास नाही असा निष्कर्ष काढू नये. आठवी-नववीतली, बाहेरगावी शिकणारी त्याच गावची मुलं गाठावीत.

दात तपासायचे ते खिचडीच्या आधी. हळदीचा पिवळेपणा आणि अन्नाचे कण गोंधळ करतात. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं, पण थेट उन्हात नाही. उन्हाच्या चकाकीत पांढरे ठिपके हरवतात. तोंडाचा आरसा, ओला गॉज, कापसाचे बोळे. फ्लोरोसिसची तीव्रता ठरवायच्या दोन पद्धती आहेत. डीनच्या पद्धतीत दात पुसून, ओले असतानाच बघतात. थायलस्ट्रप आणि फेजर्सकोव्ह यांच्या १९७८ च्या पद्धतीत कोरडे करून, ० ते ९ गुण देतात. कोरड्या दातावर डाग जास्त उठून दिसतात, म्हणून दोन्ही पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणं चूक. डीनमध्ये सर्वात जास्त बाधित दोन दात धरायचे आणि ते सारखे नसतील तर त्यातल्या कमी बाधिताचा गुण लिहायचा. हा नियम विसरला की गावाची तीव्रता उगाच वाढते. दर दहांतलं एक मूल न सांगता दुसऱ्यांदा तपासायचं आणि दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते काढायचं.

प्रत्येक डाग फ्लोरोसिस नसतो. फ्लोरोसिस दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर असतो, आडव्या बारीक रेघांत, कडा अस्पष्ट. एकाच दातावर गोल, ठळक कडेचा, सायीच्या रंगाचा ठिपका असेल तर दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा जुना पू आठवावा. हिरडीलगत काळी रेघ बाहेरून बसलेली असते, खरवडून निघते. मोठ्या मुलांत खर्ऱ्याचे डाग असतात. ते विचारताना आवाज चढवायचा नाही, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. किडलेले, पडलेले आणि वाकडे दात वेगळे नोंदवायचेच.

डीनच्या गुणांवरून गावाचा निर्देशांक असा काढतात. समजा १०० मुलं तपासली : २० निरोगी (गुण ०), २० संशयित (०.५), २५ अतिसौम्य (१), २० सौम्य (२), १० मध्यम (३), ५ तीव्र (४). बेरीज ०, १०, २५, ४०, ३०, २० म्हणजे १२५. भागिले १००, उत्तर १.२५. ०.६ च्या वर गेलं की तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न समजतात. पण हा आकडा त्या शेवटच्या पंधरा मुलांना झाकून टाकतो, आणि मुलाखतीत जड गुण मिळतात ते बहुधा त्यांनाच. अहवालात पहिल्या पानावर ती पंधरा मुलं यायला हवीत.

मग पाणी. बारा वर्षांच्या मुलाच्या समोरच्या दातावर दिसणारा डाग आजच्या पाण्याचा नसतो. वरच्या मधल्या दोन दातांचा मुलामा सगळ्यात जपायचा काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षांच्या वयाचा, आणि अक्कलदाढा सोडल्या तर बाकीच्या दातांचं घडणं आठ वर्षांपर्यंत चालतं. मुलामा पक्का होताना त्यातली प्रथिनं निघून जायला हवीत. जादा फ्लोराइडनं ती रेंगाळतात, पृष्ठभागाखाली सच्छिद्र जागा राहते, आणि दात उगवल्यावर त्यातच चहा-भाजीचा रंग मुरून पांढऱ्याचं तपकिरी होतं. म्हणून आईला विचारायचं : हे पोरगं दोन वर्षांचं असताना तुम्ही कुठं होता, पाणी कोणतं? माहेर, मामाचं गाव, वीटभट्टी, सालगडी म्हणून राहिलेलं वावर, सगळं निघतं. चांगल्या पाण्याच्या गावात एखादंच तीव्र फ्लोरोसिसचं मूल सापडलं तर कोडं इथंच सुटतं.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा, काचेच्या नाही. हापशी आधी पाच मिनिटं मारायची, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, अर्धा लिटर भरायचं, बाटलीवरच लिहायचं. नोंदवहीतला स्रोत नव्हे, तर घरच्या माठात आलेलं पाणी जिथून आलं तो. नळयोजना असली तरी नळाला दिवसाआड पाणी येतं आणि मधल्या दिवशी जुनी हापशीच चालते. अशा घरी दोन बाटल्या. गावातल्या किटवर रंग जुळवून अंदाज येतो, पण लिटरला १ ते १.५ मिलिग्रॅमच्या दरम्यानच्या छटा डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि मुदत संपलेला द्राव सर्रास सापडतो. संशय आला की प्रयोगशाळेत फ्लोराइड मोजणाऱ्या आयन मीटरवर खात्री करायची. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं हिरवं कार्ड दाखवून ‘आमचं पाणी चांगलं’ म्हणतात. ते कार्ड स्रोताच्या स्वच्छतेचं आणि जंतूंच्या जोखमीचं आहे, फ्लोराइडबद्दल ते काही सांगत नाही.

भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आपल्या उन्हाळ्यात ही सवलतही महाग पडते. हिशेब साधा आहे. १२ किलोचं मूल दिवसाला एक लिटर पाणी पितं आणि पाण्यात २ मिलिग्रॅम असेल, तर किलोमागे ०.१७ मिलिग्रॅम झालं. सुरक्षित समजतात ते ०.०५ ते ०.०७. भात, वरण, आंबील त्याच पाण्यातलं, ते वेगळंच. वरून काळा चहा. चहाच्या पानांतच फ्लोराइड असतं, तो लहान मुलाला देऊच नये.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, आटून उलट दाट होतं. ब्लीचिंग पावडर, कँडलचा फिल्टर, तांब्याचा गुंड, यांनीही जात नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं बसवलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून, ढवळून, तासभर निवळू देतात. तुरटीची मात्रा फ्लोराइड आणि क्षारता दोन्ही बघून ठरते, त्यामुळे शेजारच्या गावचं माप आपल्याकडे चालत नाही. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे, फिल्टर पहिल्या वर्षी उत्तम चालतात. मग ते दाणे फ्लोराइडनं भरून जातात, त्यांना कॉस्टिक आणि आम्लानं धुऊन ताजं करावं लागतं, आणि ते करणारं कोणी नसतं. पाणी मात्र स्वच्छ दिसत राहतं. आरओ बसवणारा टीडीएसचं मीटर बुडवून दाखवतो. ते एकूण क्षार मोजतं, फ्लोराइड नाही. त्यामुळे कोणताही उपाय केला तरी गाळलेल्या पाण्याचा नमुना दर तीन महिन्यांनी तपासायला हवा. आम्हाला विचाराल तर पहिली पसंती उथळ, चांगल्या विहिरीला. तिचं पाणी तपासून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालून, फक्त पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी राखायचं. आंघोळ, धुणं, गुरं यांना बोअर चालतं. आणि हे पाणी सगळ्यांत आधी अंगणवाडीच्या माठात आणि दोन वर्षांखालच्या लेकरांच्या घरी पोचलं पाहिजे, कारण त्यांच्या दातांचं अजून काही बिघडलेलं नाही. जेवणात दूध, ताक, तीळ, नाचणी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी असावी. कॅल्शियम पोटातलं थोडं फ्लोराइड बांधतं. पाणी बदलल्याशिवाय मात्र एवढ्यावर भागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला पेस्ट वाटाण्याएवढीच, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला मोठ्या माणसानं शिकवायचं.

डाग पडलेल्या दातांना उपाय आहे, हे मुलाला त्याच दिवशी एकट्याला सांगायचं, वर्गासमोर नाही. सौम्य आणि मध्यम तपकिरी डागाला सूक्ष्म घर्षण : हिरडीवर रबराचा पडदा लावून, सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिस यांचा लेप थोडा-थोडा वेळ घासून धुतात. मुलाम्याचा अगदी पातळ थर निघतो, डाग बऱ्याचदा एका-दोन बैठकींत फिका होतो. हे दंतवैद्याचंच काम आहे, घरच्या लिंबाचं नाही. पांढऱ्या चट्ट्यांना रेझिन मुरवण्याची पद्धत चालते. खड्डे असतील तर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण. पोर्सिलेनची आवरणं शाळकरी वयात नकोत, हिरडी अजून सरकायची असते. शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य पथकाकडे यादी दिली तर पुढं पाठवायला वाट मिळते. दात पूर्ण उगवलेली आणि हसण्याच्या प्रश्नाला जड गुण असलेली मुलं यादीत वर ठेवायची, सगळ्यात काळे दात असलेली नव्हे. ही दोन नेहमी एकच नसतात.

उपचारानंतर तीच प्रश्नावली, त्याच माणसानं, त्याच निंबाखाली पुन्हा घ्यायची. मधे पुरते तीन महिने जाऊ द्यायचे. ‘तान्ह्या पोळ्यापासून’ असं पुन्हा विचारलं तर मूल जुनेच दिवस आठवून सांगतं. या वेळी ‘तुझे दात साफ केले त्या दिवसापासून’ असं म्हणायचं आणि वाट्यांचा कागद पुढं करायचा.